फोटोवाल्याचं आकाश

पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसवलेल्या माणसाला ‘समोर बघा’ म्हटलं, की तो कॅमेऱ्यात बघत नाही, कॅमेऱ्यामागच्या भिंतीकडे बघतो. राजुऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत त्या भिंतीवर गरुड तेजोमेघातले खांब लावलेले आहेत. हबल दुर्बिणीनं १९९५ साली टिपलेलं ते प्रसिद्ध चित्र. तपकिरी धुळीचे तीन उंच सुळके, मागे निळा-हिरवा उजेड. हनुवटी जरा खाली, खांदे सरळ, फ्लॅश, झालं. मग माणूस उठता उठता विचारतो, ‘‘भाऊ, ढग हायेत का जी हे?’’

ढगच आहेत, मी सांगतो. फक्त पाण्याचे नाहीत, वायूचे आणि धुळीचे. त्यातला सर्वांत उंच खांब एवढा आहे, की त्याच्या बुडापासून टोकापर्यंत जायला प्रकाशाला सुमारे चार वर्षं लागतात. हे ऐकून कोणी फारसं दचकत नाही. मोठे आकडे ऐकायची आता सगळ्यांना सवय झाली आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो, आणि तो बहुतेक सगळेच विचारतात. ‘‘पण रंग खरा हाय का हा?’’

हीच माणसं लग्नाचा अल्बम न्यायला येतात तेव्हा हा प्रश्न निघत नाही. नवरीचा चेहरा दोन शेड उजळ, मांडवाचा पिवळा उजेड पांढराशुभ्र, मागे घुसलेला नको तो पाहुणा गायब. सगळं चालतं, उलट ‘अजून थोडं करा ना’ म्हणतात. तेजोमेघाच्या बाबतीत मात्र सगळे हरिश्चंद्र. मला ही तपासणी आवडते. कारण या एका प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं, तर थोडं खगोलशास्त्र आणि माझा जवळपास सगळा धंदा उलगडून सांगावा लागतो.

आधी डोळ्याचं बघू. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये ओळीत तीन. हा मृगाच्या पोटात रुतलेला व्याधाचा बाण. त्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला मंद ठिपक्यांची एक छोटी रांग आहे. त्यातला मधला ठिपका नुसता तारा नाही. १० बाय ५०च्या साध्या दुर्बिणीतून पाहिलं, की तो कडांना पसरलेला, पुसट दिसतो. हा मृगातला तेजोमेघ, आपल्यापासून साधारण १३५० प्रकाशवर्षं दूर. आज डोळ्यात शिरणारा त्याचा उजेड तिथून निघाला, तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

गच्चीवर आलेल्या पाहुण्यांच्या हातात मी दुर्बीण देतो. शेजारच्या काकू एकदा बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मले त नुसता धूर दिसून राहिला जी. तुमच्या फोटोत तर गुलाबी होता.’’ काकूंचं बरोबर होतं आणि फोटोचंही. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशींना रंग कळतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अगदी अंधुक उजेडातही काम करतात, पण त्यांचं जग करड्या छटांचं असतं. तेजोमेघाचा उजेड दंडपेशींपुरता आहे, म्हणून धूर. शिवाय अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात कोणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून माझ्या गच्चीवर एक जुना लाल बल्ब लावलेला असतो. तो डार्करूममधला आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कागदाला लाल उजेड जवळपास कळत नाही, त्यामुळे त्या बल्बखाली फोटो धुता यायचे. आणि दंडपेशींनाही लाल उजेड फारसा कळत नाही, त्यामुळे त्याच बल्बखाली आता नकाशा वाचता येतो. रोलचा जमाना गेला तेव्हा एन्लार्जर भंगारात दिला, बल्ब ठेवला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डोळा उजेड साठवून ठेवत नाही. एका सेकंदाच्याही लहानशा भागात आलेला उजेड वापरतो आणि पाटी पुसतो. तासभर टक लावून पाहिलं तरी तेजोमेघ अधिक उजळ होत नाही. फिल्म साठवते, आणि कॅमेऱ्यातला सेन्सरही साठवतो. जुन्या कॅमेऱ्याच्या चकतीवर ‘बी’ असं एक अक्षर असायचं. त्यावर ठेवलं, की बटण दाबून धराल तितका वेळ शटर उघडं. आमच्या धंद्यात त्याचा उपयोग दिवाळीच्या फटाक्यांपुरता. खगोलशास्त्राचं गेल्या दीडशे वर्षांतलं निम्मं नशीब त्या उघड्या शटरवर उभं आहे.

मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला, ५१ मिनिटांचं एक्स्पोजर देऊन. ड्रेपर पेशानं डॉक्टर. तीन वर्षांनी लंडनजवळ ॲन्ड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच मेघाचा फोटो घेतला, आणि फोटोच्या काचेवर असे तारे उमटले जे त्याच दुर्बिणीला डोळा लावून दिसत नव्हते. हे कॉमन सांडपाण्याच्या व्यवस्थेचे इंजिनीअर होते, आकाश हा त्यांचा फावल्या वेळेचा नाद. त्या फोटोबद्दल रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. हौशी माणसानं काढलेल्या फोटोनं व्यावसायिकांना रस्ता दाखवला, हे मी दुकानात जरा जोरातच सांगतो.

आता रंग. हबलचा कॅमेरा रंगीत फोटो काढतच नाही. तो काढतो काळा-पांढरा. फरक एवढाच, की समोर एक गाळणी लावून ठरावीक रंगाचाच उजेड आत घेतो. मग दुसरी गाळणी, पुन्हा काळा-पांढरा. मग तिसरी. खांबांच्या चित्रासाठीच्या तीन गाळण्या तीन मूलद्रव्यांच्या उजेडासाठी होत्या: गंधक, हायड्रोजन आणि प्राणवायू. पुढे संगणकावर गंधकाच्या चित्राला लाल, हायड्रोजनच्या चित्राला हिरवा आणि प्राणवायूच्या चित्राला निळा रंग देऊन तिन्ही एकावर एक ठेवली. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या दोन खगोलशास्त्रज्ञांचं हे काम. खरं म्हणजे हायड्रोजन आणि गंधक दोघांचाही हा उजेड लालच असतो, एकमेकांना अगदी चिकटून. जसाच्या तसा दाखवला असता, तर कुठे काय आहे ते कोणालाच कळलं नसतं. म्हणून वेगळे रंग.

मी ज्यांच्या हाताखाली धंदा शिकलो, ते काळ्या-पांढऱ्या फोटोंवर हातानं रंग भरायचे. कापसाचा बोळा, बारीक ब्रश, पारदर्शक रंगांच्या बाटल्या. फोटो रंगवण्याआधी ते घरच्यांना विचारून एका कागदावर लिहून घेत: शालू कोणता, काठ कोणते, फेट्याचा रंग काय. त्या चिठ्ठीप्रमाणे रंग चढे. हबलच्या चित्रातले रंग मला त्या चिठ्ठीसारखे वाटतात. हवे तसे ओतलेले नाहीत, मोजून लावलेले आहेत. जिथे निळा आहे तिथे प्राणवायू खरोखर आहे. फक्त आपण तिथे जाऊन उभे राहिलो, तर तो निळा दिसणार नाही. तेव्हा ‘रंग खरा हाय का’ याला माझं उत्तर असं असतं, की माहिती खरी आहे, दिसणं वेगळं आहे. गिऱ्हाईक मान डोलावतं. पटलं की उशीर झालाय म्हणून डोलावतं, ते विचारायचं नसतं.

त्या चित्राच्या एका कोपऱ्यात पायऱ्या पायऱ्यांसारखा काळा भाग कापलेला दिसतो. बरेच जण म्हणतात, प्रिंट खराब आली. प्रिंट चांगली आहे. हबलच्या त्या कॅमेऱ्यात चार चिप होत्या आणि त्यातली एक जास्त मोठं, म्हणजे कमी जागेचं, चित्र घ्यायची. ते बाकीच्या तिघींच्या मापात लहान करून चारही चित्रं जोडली की एक कोपरा रिकामा राहायचा. फोटोवाल्याला असल्या गोष्टी चित्राइतक्याच आवडतात. तशीच दुसरी खूण ताऱ्यांच्या किरणांची. हबलच्या चित्रात तेजस्वी ताऱ्याला चार टोकं फुटलेली दिसतात, कारण पुढचा छोटा आरसा धरून ठेवणारे चार दांडे उजेडाच्या वाटेत येतात. जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रात सहा मोठी टोकं आणि दोन बारीक. तिचा साडेसहा मीटरचा आरसा अठरा षट्कोनी तुकड्यांचा आहे, मोठी टोकं ही त्या कडांची करामत, बारीक टोकं पुढचा आरसा धरणाऱ्या दांड्याची. मोबाइलवर आलेलं कुठलंही चित्र घ्या, आधी टोकं मोजा; हबलचं की वेबचं ते कळतं.

राजुरा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे जुन्या माणसांना माहीत आहे. त्याच राज्याच्या राजधानीत आकाशाचे फोटो काढण्याचं एक प्रचंड काम चाललं होतं, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. नवाब जफर जंग या हौशी सरदारानं विलायतेहून १५ इंची दुर्बीण मागवली आणि १९०१ साली हैदराबादेत वेधशाळा उभी केली. त्यांच्या पश्चात १९०८ साली ती निजाम सरकारनं ताब्यात घेतली. त्या काळी जगभरातल्या वेधशाळांनी सगळं आकाश वाटून घेऊन काचेच्या प्लेटांवर त्याचे फोटो काढायचे, आणि त्यावरून एकेका ताऱ्याची जागा मोजायची असं ठरवलं होतं. या योजनेची सुरुवात १८८७च्या पॅरिसच्या परिषदेत झाली. चिलीतल्या सांतियागोच्या वाट्याचा दक्षिण आकाशातला पट्टा तिथे पुरा होईना, तो निजामिया वेधशाळेनं घेतला. आठ इंची कॅमेरा-दुर्बीण लावून वर्षानुवर्षं प्लेटा काढल्या, धुतल्या आणि भिंगाखाली एकेक ठिपका मोजला. प्लेट धुण्याचं काम मला ठाऊक आहे. डेव्हलपर जरा गरम झाला तरी सगळं बिघडतं, आणि हैदराबादचा उन्हाळा काही थंड नसतो.

याच वेधशाळेत नोकरी करणाऱ्या एका खगोलनिरीक्षकाचा मुलगा दुर्बिणींच्या संगतीत वाढला. वेणू बाप्पू त्याचं नाव. २ जुलै १९४९ रोजी अमेरिकेत हार्वर्डला शिकत असताना त्याला आपण काढलेल्या प्लेटवर एक अनोळखी धूमकेतू सापडला. त्याच्याबरोबर बोक आणि न्यूकर्क होते, म्हणून धूमकेतूला तिघांची नावं मिळाली. हाही शोध फोटोतलाच.

माझं स्वतःचं काम या सगळ्यापुढे किरकोळ आहे. लग्नासाठी घेतलेला जुना डिजिटल कॅमेरा, ट्रायपॉड आणि ५०ची लेन्स. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात. शटर फार वेळ उघडं ठेवलं की ठिपक्यांच्या रेघा होतात. ५००ला लेन्सच्या आकड्यानं भागायचं, म्हणजे साधारण तेवढे सेकंद चालतात. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला त्याहून कमी. माझ्या ५०च्या लेन्सला सहा-सात सेकंद. त्यात काय येणार? म्हणून एकच मोठा फोटो न काढता तेवढ्याच वेळाचे शेदीडशे छोटे फोटो काढायचे आणि संगणकावर एकमेकांवर बसवायचे. त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. तेजोमेघाचा उजेड प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, म्हणून बेरजेत तो उठून येतो. सेन्सरचे खोटे ठिपके दर वेळी वेगळ्या जागी असतात, ते सरासरीत विरतात. मग लेन्सला झाकण लावून काही फोटो काढायचे. त्यात फक्त सेन्सरचा स्वतःचा दोष येतो, तो वजा करायचा. माझा मदतनीस पोरगा एकदा म्हणाला, ‘‘दादा, झाकण लावून फोटो काढून राहिले तुम्ही.’’ त्याला वाटलं, म्हातारपण आलं.

उन्हाळ्यात हा दोष भयंकर वाढतो. तापमान सहा-सात अंशांनी चढलं की सेन्सरचा गोंधळ जवळपास दुप्पट होतो, आणि मे महिन्यात आमच्याकडे रात्री दहालाही गच्चीची फरशी चटका देते. थंड देशांतले लोक लिहितात, की कॅमेऱ्यावर दव पडलं तर काय करावं. आमचा प्रश्न वेगळा आहे.

पण मेच्या त्या तापलेल्या गच्चीवरून जे दिसतं, ते लंडन-न्यूयॉर्कच्या लोकांना घरून कधीच दिसत नाही. राजुरा जेमतेम २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे दक्षिणेचं बरंच आकाश आमच्या वाट्याला येतं. मेच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास चित्रेचा तारा डोक्यापासून जरा दक्षिणेला असतो. तिथून सरळ खाली, हात लांब करून साडेतीन मुठी मोजल्या, की नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी येतो. नुसत्या डोळ्यांना पुसट तारा, दुर्बिणीतून गोल पिठूळ गोळा. सुमारे एक कोटी तारे एका जागी, १७,००० प्रकाशवर्षांवर. त्याच्याही खाली, तासभर आधी, क्षितिजाला टेकल्यासारखा त्रिशंकू दिसतो. त्याचा खालचा तारा आमच्याकडे सात अंशांच्या वर कधी चढत नाही. म्हणून तो बघायचा तर दक्षिण मोकळी पाहिजे आणि त्या दिवशी धूळ कमी पाहिजे.

धूळ आणि उजेड, हे दोन्ही आमच्याकडे मुबलक. एका अंगाला सास्तीच्या उघड्या कोळसा खाणी, रात्रपाळीचे झोत चालू. गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीकडे सिमेंटचे कारखाने. उत्तरेला बल्लारपूरचा कागद कारखाना आणि त्यापलीकडे चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं वीज केंद्र. ढगाळ रात्री प्रत्येक गावाच्या वर एक नारिंगी पट्टा दिसतो. राजुऱ्याचा माणूस त्यावरून दिशा सांगू शकतो. त्यात वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं याच खाणींत आणि कारखान्यांत कामाला आहेत, त्यांच्याच मुलांच्या लग्नाचे फोटो काढून माझी दुर्बीण आली. पण आकाशगंगा बघायची, तर माणिकगड पहाडाकडे, जिवतीच्या बाजूला जावं लागतं. आणि जायचं म्हणजे वाघाचाही विचार करावा लागतो. ‘आरटी-१’ नावाच्या वाघाला ऑक्टोबर २०२०मध्ये पकडेपर्यंत राजुरा-विरूर भागात संध्याकाळनंतर कोणी शेतात थांबत नव्हतं. त्या काळात माझं सगळं आकाश गच्चीपुरतं होतं. आजही पहाडावर आम्ही गावाच्या आत, कोणाच्या तरी अंगणातच ट्रायपॉड लावतो.

अशा अंगणांत दुसरं आकाश भेटतं. पहाडावर गोंड आणि कोलाम वस्ती आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी मध्य भारतातल्या गोंड गावांत फिरून तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून आकाशाची माहिती गोळा केली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध केली. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्यांच्या चौकोनात गोंडांना एका म्हातारीची खाट दिसते आणि मागचे तीन तारे म्हणजे ती खाट चोरायला आलेले तीन चोर. मृगाच्या मधल्या ताऱ्यांत त्यांना नांगर किंवा तिफण दिसते. आकाशगंगा म्हणजे ढोरांची वाट. मला हे पुराणातल्या गोष्टींपेक्षा जास्त पटतं. ऋषी आम्ही पाहिलेले नाहीत. खाट, तिफण आणि संध्याकाळी धूळ उडवत परतणारी ढोरं रोजची आहेत. आणि ज्याला तिफण दिसते, त्याला तिच्याखालचा तो पुसट ठिपकाही बरोबर सापडतो, नकाशा लागत नाही.

त्या म्हातारीच्या खाटेजवळच हबलनं आपल्या सगळ्यात धाडसी फोटोसाठी जागा निवडली होती. १९९५च्या डिसेंबरमध्ये दुर्बिणीच्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या हक्काचा वेळ वापरून, सप्तर्षींतल्या जवळपास रिकाम्या दिसणाऱ्या ठिपक्याएवढ्या जागेकडे दुर्बीण रोखली आणि दहा दिवस तिथेच ठेवली. जागा केवढी? पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण बारावा भाग. अनेक जाणकारांना वाटत होतं, की एवढा महाग वेळ वाया जाईल. ३४२ एक्स्पोजर एकत्र केल्यावर त्या रिकाम्या जागेत सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. दीर्घिका म्हणजे तारे नव्हेत. प्रत्येकीत अब्जावधी तारे. माझ्याकडच्या शेदीडशे फोटोंची रीत आणि या ३४२ची रीत मुळात एकच आहे, हे मला कळलं त्या दिवशी मी दुपारी दुकान बंद करून चहाला गेलो. मागच्या भिंतीवर दुसरं चित्र लावायचं ठरलं, तर हेच लावीन. पण त्यात रंगीत सुळके नाहीत, गिऱ्हाईक विचारणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातून निघालेलं आकाशाचं सर्वांत गाजलेलं चित्र मात्र कोणा छायाचित्रकाराचं नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास जळत्या तुकड्यांची एक लांबलचक रांग आकाश ओलांडून गेली आणि सगळ्या विदर्भानं मोबाइल वर धरले. हललेले, फोकस नसलेले व्हिडिओ. मागे बायकांचा आवाज, कुत्र्यांचं भुंकणं. दुसऱ्या दिवशी दुकानात दहा जणांनी तेच व्हिडिओ दाखवले. कोणी उल्का म्हणे, कोणी विमान, कोणी क्षेपणास्त्र. मी एवढंच बघत होतो, की ती किती वेळ दिसते. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं येते आणि बहुतेक वेळा डोळा वळेपर्यंत संपते. ही रांग संथ होती, तुटत तुटत जात होती. पृथ्वीभोवती फिरणारी माणसानं बनवलेली वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे पडताना ती अशी सावकाश जळते. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं सापडलं, आसपास धातूचे गोळेही मिळाले. २०२१च्या फेब्रुवारीत उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो टप्पा असावा, असं जाणकारांनी हिशेबानं सांगितलं. इस्रोची माणसं येऊन अवशेष पाहून गेली. चंद्रपुरात प्रा. सुरेश चोपणे यांचा स्काय वॉच ग्रुप आहे. लोकांना आकाश दाखवण्याचं आणि अशा वेळी अफवा निस्तरण्याचं काम तो करतो.

त्याच वर्षी जुलैत जेम्स वेबचं पहिलं रंगीत चित्र आलं. आपल्याकडे १२ तारीख लागली होती. त्याच सुमारास वर्धा नदीला मोठा पूर होता, बल्लारपूरकडचा रस्ता बंद, लाइट येऊन-जाऊन. गावात अडकलेली माणसं दुकानाच्या ओट्यावर बसून पुराचे फोटो एकमेकांना दाखवत होती, आणि मी त्यांना मोबाइलवर दीर्घिका दाखवत होतो. साडेबारा तासांचं एक्स्पोजर. मध्ये दीर्घिकांचा एक पुंजका, ज्याचा उजेड चारशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघाला. आणि त्याच्या वजनानं पलीकडच्या आणखी दूरच्या दीर्घिकांचा उजेड वाकून झालेल्या कमानी. वेब अवरक्त किरणांत बघते, जे डोळ्याला दिसतच नाहीत. त्यातल्या सर्वांत लांब लहरींना लाल, सर्वांत आखूड लहरींना निळा असे रंग क्रमानं दिलेले असतात. एका आजोबांनी चित्र मोठं करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘याच्यात आपला राजुरा कुठं हाय?’’ मी म्हटलं, फोटो काढणाराच्या बाजूला. ते हसले. तेवढं उत्तर त्यांना पुरलं.

लोक विचारतात, दुर्बीण कोणती घ्यावी. आधी कोणतीच नाही. एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी काढावा, मग १० बाय ५०ची घ्यावी, आणि त्यानंतरही नाद टिकला तर सहा इंची आरशाची, साध्या लाकडी बैठकीवरची. खोक्यावर ‘५०० पट’ असं छापलेली खेळण्यातली दुर्बीण घेऊ नये. तिच्या पटीचा उपयोग नाही, आरसा किंवा भिंग किती मोठं ते बघावं. चित्रं बघायची तर नासाची बहुतेक चित्रं फुकट आहेत, कोणीही छापून घ्यावीत. १६ जून १९९५पासून रोज एक खगोलचित्र आणि खाली चार ओळींची माहिती देणारं त्यांचं पान चालू आहे. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बोनेल या दोघांनी ते सुरू केलं. सकाळी दुकान उघडलं की उदबत्तीनंतर मी ते उघडतो.

आपल्याच विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून, उजेड जमिनीकडेच जाईल असे बसवले. दिवे काढले नाहीत, फक्त वळवले. हे वाचून मी घरासमोरच्या खांबावरच्या दिव्याला पत्र्याची टोपी बसवावी म्हणून वायरमनच्या मागे लागलो. त्याला वाटलं, माझं डोकं फिरलं. शेवटी रीतसर अर्ज दिला, मंजुरी आली, पत्रा मी आणला आणि त्यानं चढून टोपी बसवली. आठवडाभरानं समोरचा भाजीवाला आला. त्याला तारे दिसले का, हे मी विचारलं नाही. तो सांगायला आला होता, की रस्त्यावर उजेड वाढला, आता त्याच्याही खांबाला तशीच टोपी पाहिजे, कारण रात्री दिवा सरळ त्याच्या खिडकीत येतो आणि पोरगं झोपत नाही. पत्र्याचं माप त्यानं लिहूनच आणलं होतं.